आमच्या धुऱ्यावरची जांभळं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. कुणाच्या हाती ही पानं पडली तर चुका पोटात घाला.

मी माणसांत फार बोलत नाही. मोहाडीच्या बाजारात बसते तेव्हाही भाव सांगते आणि गप्प राहते. पण शेजारच्या मास्तरीणबाईंकडचे जुने दिवाळी अंक मी वाचते. त्यांत मोठमोठी माणसं आपल्या नोकरीतले अनुभव लिहितात. वाचता वाचता वाटलं, धंदा तर मीही केला. सिरक्याचा केला. तो काय असतो हे फार जणांना ठाऊक नाही, आणि ज्यांना थोडंसं ठाऊक आहे ते त्याला दारू म्हणतात. म्हणून लिहून ठेवते. छापायला देणार नाही.

तर आधी तेच सांगून टाकते. आम्ही दारू काढत नाही. आमच्या घरात कधी कुणी काढली नाही.

आमचं गाव बपेऱ्याच्या अलीकडे. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. माझी आजेसासू तिकडची, आणि सिरका तिच्यासोबत या घरात आला. सिरका म्हणजे जांभळाच्या रसाचा आंबवलेला, जुना केलेला, आंबट पाण्यासारखा पदार्थ. कांद्यावर घालतात, लोणच्यात घालतात, पोट दुखलं तर पाण्यातून घेतात. साखरेच्या आजाराचे लोक अलीकडे फार येतात. त्यांना मी सांगते, डॉक्टरची गोळी सोडू नका. तरी ते बाटली नेतातच.

करायचा कसा, तर सोपं आहे आणि नाहीही. झाडाखाली चार जणींनी जुनं लुगडं ताणून धरायचं, वर चढलेल्यानं फांदी हलवायची. लुगड्यात पडलं ते आपलं, मातीत पडलं ते पोरांचं. जांभूळ धुवायचं नाही. सालीवर पांढुरकं पीठ बसल्यासारखं असतं, रस उठतो तो त्याच्या जोरावर. धुतलं की रस उठत नाही, नुसता नासतो. मडक्यात हातानं कुस्करायचं, वर फडकं बांधायचं, उन्हात ठेवायचं. थोड्या दिवसांत रस फसफसतो, वास सुटतो. मग गाळायचा, दुसऱ्या मडक्यात भरायचा आणि सावलीत विसरून जायचं. हळूहळू वर एक जाड, बुळबुळीत साय धरते. ती धरली की समजायचं, सिरका झाला. नव्या मडक्यात जुन्या सायीचा तुकडा टाकला की काम लवकर होतं. आमच्या घरात त्या सायीला सासू म्हणतात. माझ्या सासूबाई, म्हणजे मामीजी, स्वतःच म्हणायच्या, "वर बसते, सगळ्याइले आंबट करते आणि मरत नाही. मंग सासू नाही तं काय!"

आजेसासूनं नदीपलीकडून गाडग्यात आणलेली ती सासू. तिचेच तुकडे आजवर चालत आले.

पण सायीहून मोठी गोष्ट झाडं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जांभळाची पाच झाडं आहेत. कुणी लावली ते कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाचं फळ वेगळं म्हणून प्रत्येकाला नाव आहे. काळी सगळ्यांत आधी पिकते. तिचं फळ बोराएवढं, घसा धरणारं. पानखाईचं फळ खाल्लं की ओठ पान खाल्ल्यासारखे होतात. गुठली म्हणजे नुसती बी, वर साल चिकटलेली. गोरीचा गर आतून पांढरा आणि वास असा की मडकं उघडलं की अंगणभर जातो. उशिरी पिकते तेव्हा धानाची रोवणी सुरू झालेली असते आणि तोडायला माणूस मिळत नाही.

खाण्यासारखं यातलं एकही नाही, असं लोक म्हणतात. खरं आहे. खायला बाजारातलं मोठं कलमी जांभूळच चांगलं. मी त्याचाही सिरका करून पाहिला. पुढचा पावसाळा लागेपर्यंत त्याचं पाणी झालं. काळीचा तुरटपणा आणि गुठलीची साल ही सिरक्याची हाडं. रस पानखाईचा, वास गोरीचा. उशिरी थोडी गोड आहे, ती सगळ्यांना सांभाळून घेते. पाचातलं एक कमी झालं तर जे उरेल त्याला मी सिरका म्हणणार नाही, मग तुम्ही काहीही म्हणा.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. भंडाऱ्याचे एक भांड्यांचे शेठ होते, पितळेचं दुकान. आमचा सिरका मातीत राहतो याचं त्यांना फार वाईट वाटे. एकदा चकचकीत पितळेची गुंडी घेऊन आले.

"बाई, एवढी चांगली वस्तू मडक्यात ठेवून राहिल्या तुम्ही! ही घ्या. भेट समजा."

मामीजी म्हणाल्या, "शेठजी, हिच्यात पाणी भरीन, लग्नात मिरवीन. सिरका नाही भरणार."

"काहून? कलई केलेली हाय ना!"

"सिरका आधी कलई खाईन, मंग पितळ खाईन, मंग तुमचं पोट खाईन. काचेच्या बाटलीत न्या न् काचेतच ठेवा."

बाटली टॉवेलात गुंडाळून ते गेले. पुढच्या खेपेला तोंड पाडून आले. घरी मालकिणीनं बाटली पितळेच्या डब्यात ओतली होती, सगळं हिरवं झालं.

"फेका," मामीजी म्हणाल्या. "डब्बा बी फेका."

"डब्बा?" शेठ असे दचकले की मी दाराआड हसू दाबलं. सिरका गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास ठाण्यातली माणसं बदलली. जुन्या शिपायांना आमचं घर माहीत होतं. नवा जमादार आला त्याला कुणीतरी सांगितलं असावं, किंवा वासच गेला असावा, कारण रस उठण्याचे दिवस होते. दोन शिपाई घेऊन तो अंगणात आला, फडकं सोडलं, बोट बुडवलं आणि चाखलं.

"ही तं दारू हाय!"

"आज हाय," मामीजी म्हणाल्या. "दोन महिन्यांनी या, नसन."

"म्हणजे कबूल करून राहिल्या तुम्ही?"

"काय कबूल करू, साहेब? रांगणाऱ्या लेकराले तुम्ही लंगडा म्हणता का? आंबट व्हाच्या आधी त्याले या वाटेनंच जा लागते. आम्ही वाटेत विकत नाही."

त्यानं ऐकलं नाही. मडकं उचललं, मुद्देमाल म्हणून ठाण्यात नेलं. कागद काही केला नाही. गावभर झालं की अमक्याच्या घरी दारू सापडली. मी आठवडाभर विहिरीवर गेले नाही. मामीजी मात्र रोज गेल्या, दोनदा गेल्या, आणि ज्या बायका कुजबुजत होत्या त्यांच्याच शेजारी बसून घागर घासली.

मडकं ठाण्याच्या मागच्या पडवीत पडून राहिलं. सावली होती, कुणी हलवलं नाही. सिरक्याला यापेक्षा काय पाहिजे? साय धरली. दोन महिन्यांनी आमचे हे मामीजींना घेऊन ठाण्यात गेले. जमादारानं पुन्हा बोट बुडवलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "घेऊन जा." मामीजींनी मडक्यात डोकावून पाहिलं.

"साहेब, मडकं अर्धं काहून?"

एक शिपाई खाली पाहू लागला. त्यांच्या जेवणात कांद्यावर सिरका रोज चालला होता. मामीजींनी अर्ध्या मडक्याचे पैसे मागितले आणि जमादाराकडून घेतलेही. त्या गावाला तेवढंच सांगत, "ठाण्यानं आपला माल विकत घेतला."

मामीजी गेल्यावर मडकी माझ्या हाती आली. आता जे सांगायचं आहे त्यासाठीच खरं तर मी पेन धरलं.

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हयातीतच वाटणी केली होती. धुऱ्याकडची बांधी, म्हणजे धानाचं शेत, थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना. मडकी आणि धंदा धाकट्याला, म्हणजे आमच्या यांना. झाडांबद्दल ते पंचांसमोर इतकंच बोलले होते : जमीन थोरल्याची, झाड उभं आहे तोवर फळ लहान्याचं. तेव्हा सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटलं.

भासऱ्यांना झाडांचा काच होता. पाच झाडांच्या सावलीत त्यांची अर्धी बांधी पिकत नसे, धान उभं राही पण दाणा भरत नसे. आणि दुसरंही एक होतं. माझ्या थोरल्या जावेनं एका वर्षी हौसेनं सिरका घातला. बिचारीनं जांभळं तीन पाण्यांनी स्वच्छ धुतली. सगळं नासलं, किडे झाले. न धुण्याचं मामीजींनी तिला सांगितलंच नव्हतं. वाटणीत धंदा धाकट्याचा, म्हणून थोरलीला सांगायचं नाही, असा त्यांचा हिशेब. मला तो पटला नव्हता, पण मी कधी बोलले नाही. तेव्हापासून जावेच्या मनात बसलं की आम्ही दोघींनी मिळून तिचं हसं केलं.

एका थंडीत लाकडाचा ठेकेदार आला. जांभळाचं लाकूड पाण्यात सडत नाही, त्याला गिऱ्हाईक असतं. भासऱ्यांनी पाचही झाडं विकली आणि बयाणा घेतला. आम्हाला कळलं ते आरे घेऊन माणसं धुऱ्यावर आली तेव्हा. आमचे हे तुमसरला राइस मिलमध्ये कामावर गेले होते.

इथे एक सांगावं लागेल. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. ते समोर आले तर पदर ओढायचा आणि वाट सोडायची. काही सांगायचंच असेल तर लेकराला नाहीतर गाईला उद्देशून बोलायचं, त्यांनी ऐकून घ्यायचं. लग्न होऊन माझे केस पांढरे व्हायला आले होते, तरी माझा शब्द त्यांनी ऐकला असेल तो गाईला बोललेला.

मी धावत गेले आणि काळीच्या बुंध्याशी पाठ टेकून बसले. तोंडावर पदर. भासरे दहा हातांवर उभे होते.

ठेकेदार म्हणाला, "उठा जी बाई. अंगावर फांदी पडन."

मी त्यालाच म्हणाले, "भाऊ, त्यांना विचारा, फळ कोणाचं ठरलं होतं?"

तो भासऱ्यांकडे वळला. "विचारून राहिल्या, फळ कोणाचं?"

"तिले सांगा, झाड उभं हाय तोवर. आता उभं राहत नाही."

"बाई, ते म्हणतात..."

"ऐकलं मी. त्यांना सांगा, त्यांच्या बापानं तोडायला नाही सांगितलं."

"तिले म्हणा, मनाई बी नाही केली. माही बांधी भकास होऊन राहिली, ते कोण पाहते? अन् बायांनी यात पडू नये."

"त्यांना म्हणा, बाईच्याच हातचा सिरका रोज रात्री त्यांच्या पोटाला चालतो."

"तिले म्हणा, पोट माहं हाय."

आरेवाले हसू लागले. ठेकेदारानं कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! मी लाकूड कापाले आलो का तुमच्या चिठ्ठ्या पोचवाले? दहा हातांवर उभे राहून एकमेकाइशी बोलाले तुमच्या तोंडाले काय झालं?"

मग मी उठले. पदर डोक्यावर ठेवला, पण तोंडावरून मागे घेतला. झाडाला धरूनच मी म्हणाले, "भाऊजी, बयाणा मी परत करते. झाडांची पुरी किंमत मी देते. यानं लावलेल्या भावानं, एक पैसा कमी नाही. लाकडासकट झाडं माझी."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ठेकेदाराकडेही नाही. नांगरटीच्या ढेकळांकडे बघत होते. त्यांना राग आला होता की लाज वाटत होती, मला अजून सांगता येणार नाही.

"कुठून देशीन?" ते म्हणाले. त्यांनी मला थेट विचारलेलं ते पहिलं.

"सिरक्यातून."

"आन् बांधीत सावली पडते त्याचं काय?"

"ज्याचं झाड त्याची सावली. तेवढ्या तुकड्याचं धान दर साल मी भरून देईन."

"बोलाले सोपं हाय."

"बोलायला मला किती सोपं गेलं ते तुम्ही बघितलं, भाऊजी."

ठेकेदार मोठ्यानं हसला आणि म्हणाला, मला आजच्या आज बयाणा आणि गाडीचं भाडं मिळालं तर मी चाललो. भासरे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घराकडे चालू लागले. आमच्याकडे यालाच हो म्हणतात.

बयाण्याचे पैसे त्याच दिवशी उभे करायचे होते. घरात एक मडकं असं होतं की ते विकायचं नव्हतं. आजेसासूच्या हातचं. दर वर्षी थोडं काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. रस काळा, मधासारखा दाट झालेला, आणि तळाशी सायीवर साय. नदीपलीकडचे एक वैद्य ते कैक वर्षं मागत होते. आमचे हे संध्याकाळी आले, सगळं ऐकलं. म्हणाले, "लहानी," घरात मला असंच म्हणतात, "तू दादाशी बोलली?" मी म्हटलं, "बोलले." ते उठले आणि सायकलला मडकं बांधायला दोरी शोधू लागले. ते मडकं वैद्यांकडे गेलं, बयाणा फिटला. सायीचा तुकडा मी काढून ठेवला होता, तो जिवंत आहे. पण ती चव पुन्हा नाही आली. माझ्या हयातीत येणारही नाही. याचं मला आजही वाईट वाटतं आणि कुणी म्हणालं की बरोबर केलंस, तरी वाटतं.

गावात काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. भासऱ्यासमोर तोंड उघडणारी, एवढंच नाव मला बरीच वर्षं होतं. विहिरीवर एकीनं विचारलं, "काय वं, लाज नाही वाटली?" मी म्हटलं, "वाटली. झाडं उभी हायत."

पुढची वर्षं मी दर हंगामाला भासऱ्यांच्या ओसरीवर जाऊन पैसे देत गेले. एका साली वादळानं मोहर झडला, फळच धरलं नाही. तेव्हा मी लोकांच्या बांधीत रोवणीला गेले, धान कापायला गेले. भासरे म्हणाले, "पाहा, झाडानं दगा दिला ना?" मी म्हटलं, "झाडानं दिला, मी नाही देणार." सावलीच्या तुकड्याचं धानही मोजून दिलं. एकदा ते म्हणाले, या साली तिथं बरं पिकलं, धान नको. मी घेऊन गेलेलं परत आणलं नाही.

जावेला मी एका सकाळी बोलावलं आणि माझ्यासमोर तिच्या हातानं एक मडकं घालून घेतलं. ती पाण्याची घागर घेऊनच आली होती. मी घागर बाजूला ठेवली. "धुवायचं नाही, बाई," एवढंच म्हणाले. ती जांभळांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "एवढंच होतं?" म्हणाली. "एवढंच होतं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती रागानं जांभळं कुस्करू लागली. तिचा सिरका चांगला झाला. आता ती तिच्या सुनेला शिकवते. झाडं माझी आहेत, पण शिकवायला मी मनाई केलेली नाही. वाटणीतला धंदा वगैरे मी मानत नाही. ज्याला पाचही झाडांची नावं ठाऊक आहेत आणि जो धुणार नाही, त्यानं खुशाल करावा.

गेल्या हंगामात शेवटचे पैसे राहिले होते. भासरे आता म्हातारे झालेत, काठी घेऊन बसतात. मी नोटा पुढे ठेवल्या. त्यांनी मोजल्या, आणि त्यांतल्या काही वेगळ्या काढून माझ्याकडे सरकवल्या.

"हे राहू दे, लहानी. घरचाच मामला हाय. लय दिले तू."

"नाही भाऊजी."

"अवं, मी सोडून राहिलो ना. माह्या खुशीनं."

"तुमची खुशी मला माहीत आहे. पण ठेकेदाराचा भाव म्हटला होता मी. एक पैसा कमी नाही म्हटलं होतं."

"अशी कशी वं तू हट्टी!"

मी मनात म्हटलं, एक नोट जरी यांनी सोडली, तर गोरीची एक फांदी यांच्या उपकाराची राहील, आणि माझ्यामागून जे येतील त्यांना कुणीतरी ती कधीतरी दाखवील. मोठ्यानं मात्र तेवढं बोलले नाही. नोटा उचलल्या आणि पुन्हा त्यांच्या बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवल्या.

जाऊ आतून म्हणाली, "घेऊन टाका जी. ती नाही ऐकणार."

त्यांनी सगळ्या नोटा एकत्र केल्या, पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजल्या आणि म्हणाले, "पुरे झाले."